बेने इस्रायल समाजाचे इस्रायलला स्थलांतर

कोकणात शतकानुशतके राहिलेल्या मराठीभाषक ज्यू समाजाला बेने इस्रायल म्हणतात. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर पुढच्या काही दशकांत या समाजातील बहुतेक कुटुंबे तेथे जाऊन स्थायिक झाली. या स्थलांतरामागे छळ, दंगल किंवा हद्दपारी यांपैकी काहीही नव्हते. युरोपातून किंवा इराकमधून आलेल्या ज्यूंना मागे फिरण्याची वाट उरली नव्हती. बेने इस्रायलांना ती होती. नव्या देशातील त्यांची पहिली पंधरा वर्षे या एका फरकाने घडवली.

परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. ही घटना केव्हाची, यावर एकमत नाही. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, पेणकर, राजपूरकर, दिवेकर ही आडनावे गावांवरून आली. हिब्रूचे ज्ञान लोपले, तरी शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकून राहिली. अठराव्या शतकात बरीच कुटुंबे मुंबईकडे सरकली. कंपनीच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये तेथे समाजाचे पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) बांधले. पुढे फौज, रेल्वे, सरकारी कचेऱ्या आणि इस्पितळे येथे हा समाज नोकरीला लागला. त्यामुळे इस्रायलला जाणाऱ्यांत घाण्यावरचा तेली क्वचितच होता. कारकून, फिटर, परिचारिका आणि शिक्षक यांचाच भरणा अधिक होता.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते आणि त्यांतील बहुसंख्य बेने इस्रायल होते. जाण्यामागे धर्मश्रद्धा होतीच. शिवाय इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचे पुढे काय होणार, ही धास्तीही होती. भारताने सप्टेंबर १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध थेट जानेवारी १९९२ मध्ये जुळले. मधल्या काळात मुंबईतील इस्रायली वाणिज्य दूतावास आणि ज्यूंना इस्रायलमध्ये नेऊन वसवणारी संस्था ज्यूइश एजन्सी यांच्या मार्फत माणसे जात राहिली. भारत सरकारने त्यांना अडवले नाही.

पोहोचल्यावर वाट्याला आल्या त्या तंबूंच्या आणि पत्र्याच्या छावण्या, मिळेल ती अंगमेहनत आणि वर्णावरून होणारा दुजाभाव. तेथील नोकरशाहीला वाटले, इतरांप्रमाणे हेही सोसतील. काहींनी मात्र सरळ परत पाठवण्याची मागणी केली आणि १९५१-५२ मध्ये तेल अवीवमध्ये धरणे धरले. भारतातल्या सत्याग्रहाचे वारे अंगावर घेतलेल्या लोकांना हा मार्ग सुचला, यात नवल नाही. ज्यूइश एजन्सीला अखेर शेकडो जणांना भारतात परत धाडावे लागले. त्यांतील पुष्कळ जण काही वर्षांनी पुन्हा इस्रायललाच गेले, ही गोष्टही नोंदवायला हवी.

दुसरा झगडा अधिक खोल होता. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नाही. ज्यूंचे विवाह रब्बीमंडळाच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या मंडळाच्या, अखत्यारीत येतात. काही रब्बींनी बेने इस्रायलांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. आक्षेप असा : या समाजाला घटस्फोटाचे धर्मनियम ठाऊक नव्हते, मग एखाद्या स्त्रीने विधिवत फारकतीशिवाय दुसरे लग्न केले असल्यास त्या संततीचा धर्मशास्त्रीय दर्जा संशयास्पद ठरतो. आमच्यात मुळात काडीमोडच होत नसे, हे समाजाचे उत्तर. १९६१ मध्ये रब्बीमंडळाने तत्त्वतः विवाहास संमती दिली, परंतु १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांनी अशा विवाहाआधी शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. निस्सीम मूळचे बगदादचे. मुंबईतील बगदादी ज्यू बेने इस्रायलांना पूर्वीपासून कमी लेखत, तेव्हा ही जखम समाजाला अनोळखी नव्हती.

आंदोलन पेटले. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबांनी जेरुसलेममध्ये ज्यूइश एजन्सीच्या आवारात मुक्काम ठोकला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतच्या, म्हणजे इस्रायली संसदेच्या, खास बैठकीत पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. त्यानंतर रब्बीमंडळाने आदेशातून बेने इस्रायलांचा उल्लेख वगळला. तपासणीची तरतूद मात्र ‘ज्याच्याविषयी शंका असेल’ त्या कोणालाही लागू होईल अशा शब्दांत राहिली. माघार होती, पण चेहरा राखून घेतलेली.

या निकालानंतर समाज तेथे खऱ्या अर्थाने रुजला. दिमोना, बीरशेवा, अश्दोद, लोद, रामला या शहरांत मोठ्या वस्त्या झाल्या. दिमोना हे नेगेव वाळवंटातील १९५५ चे नवे गाव; तेथील कापड गिरण्यांनी अनेकांना काम दिले. केरळमधून गेलेले कोचीनी ज्यू नेवातीमसारख्या शेतकी वसाहतींत गेले, तर बेने इस्रायल गावा-शहरांतच राहिले.

जुन्या चालींपैकी मलिदा सर्वांत चिवट ठरला. नवस फेडताना, लग्नात किंवा घरभरणीला गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून एलियाहू हानावी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचे आभार मानायचे, असा हा विधी. एलियाचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे येथे उतरल्याची समाजाची श्रद्धा आहे. इस्रायलमध्ये गेल्यावर त्याच भाविकांनी हैफा येथील एलियाच्या गुहेची वाट धरली. लग्नाआधीची मेंदी तिकडेही लागते, आणि मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूधच पडते, कारण मांसासोबत दूधदुभते निषिद्ध.

भाषेचे तसे झाले नाही. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून अनेक वर्षे निघत आले आहे, मात्र त्याचे वाचक मुख्यतः भारतात शाळा शिकलेल्या पिढीचे. तेथे जन्मलेल्यांची भाषा हिब्रू आहे. मराठी त्यांना आजीच्या बोलण्यातून, पदार्थांच्या नावांतून आणि लग्नातल्या गाण्यांतून जेवढी कळते तेवढीच. आज इस्रायलमध्ये हा समाज दहा हजारांच्या कित्येक पटींत आहे, तर भारतातील संख्या जेमतेम काही हजार असून ती प्रामुख्याने मुंबई, ठाणे आणि पुणे परिसरात एकवटली आहे.