प्रथिननिर्मितीची पार्श्वभूमी: फोडलेल्या पेशी आणि मॅग्नेशियमचे प्रमाण

जनुकातला मजकूर आरएनएवर उतरतो, रायबोसोम हा पेशीतला कण तो तीन-तीन अक्षरे घेत वाचतो आणि प्रत्येक तिकडीमागे एक अमिनो आम्ल साखळीला जोडतो. पाठ्यपुस्तकात हे चार ओळींत उरकते. ते समजायला मात्र साधारण 1940 ते 1966 एवढा काळ लागला. हा इतिहास बहुतेक वेळा डीएनएच्या दुहेरी सर्पिलापासून सुरू होतो आणि 64 कोडॉनच्या, म्हणजे तीन अक्षरी शब्दांच्या, तक्त्यापाशी थांबतो. मधले खरे काम त्यात झाकले जाते. संकेत उलगडला तो फोडलेल्या पेशींच्या रसात, आणि तो रस कधी चालला, कधी बंद पडला, कधी चुकीचेच वाचू लागला, याचे कारण पुन्हा पुन्हा एकाच साध्या आयनाशी येऊन थांबते: मॅग्नेशियम.

जनुक आणि प्रथिन यांचे नाते आधीच हाती आले होते. लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरड यांनी 1902 मध्ये अल्काप्टोन्युरिया हा विकार आनुवंशिक असल्याचे दाखवले आणि पुढे अशा विकारांमागे एखादे एन्झाइम कमी असावे असे सुचवले. 1941 मध्ये जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी न्यूरोस्पोरा बुरशीवर क्ष-किरण टाकून एका जनुकातला बिघाड एका रासायनिक पायरीला अडवतो हे सिद्ध केले. फ्रेडरिक सँगर यांनी 1955 पर्यंत इन्सुलिनमधल्या 51 अमिनो आम्लांचा पूर्ण क्रम लावला. प्रथिन म्हणजे ठरलेल्या क्रमाची साखळी, हे त्यामुळे पक्के झाले. त्याआधी अनेक रसायनशास्त्रज्ञ प्रथिनांना निश्चित क्रम असतो हेच मानायला तयार नव्हते. 1957 मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी सिकल सेल आजारातल्या हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आलेले दाखवले. एक उत्परिवर्तन, एक अमिनो आम्ल.

मधली वाट मात्र अंधारात होती. ज्या पेशी भरपूर प्रथिने बनवतात त्यांच्यात आरएनए जास्त असतो, हे ब्राशे आणि कॅस्परसन यांनी 1940 च्या आसपासच नोंदवले होते. 1953 मध्ये डीएनएचे दुहेरी सर्पिल उलगडले आणि सिद्धांतांची रीघ लागली. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमोव्ह यांनी 1954 मध्ये अशी कल्पना मांडली की डीएनएच्या खाचांतच अमिनो आम्ले थेट बसत असावीत. तिच्यात तीन-तीन अक्षरांचे शेजारचे गट एकमेकांवर चढत होते. सिडनी ब्रेनर यांनी 1957 मध्ये ज्ञात प्रथिनक्रम तपासून दाखवले की अशा रचनेत ज्या शेजारजोड्या येऊच शकत नाहीत, त्या प्रत्यक्ष प्रथिनांत आढळतात. फ्रान्सिस क्रिक यांची 1955 ची सूचना अधिक टिकाऊ निघाली: अमिनो आम्ल आणि अक्षरे यांच्या मध्ये एक छोटा दुभाष्या रेणू असला पाहिजे.

तो रेणू सापडला तो सिद्धांत न शोधणाऱ्यांना. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पॉल झॅमेक्निक यांचा गट उंदराच्या यकृतावर काम करत होता. किरणोत्सारी कार्बन-14 चे लेबल लावलेले ल्युसीन हे अमिनो आम्ल वापरायचे आणि किरणोत्सार प्रथिनात किती उतरला ते मोजायचे, ही त्यांची पद्धत. यकृत जोराने घोटले तर रस निकामी होई. साखरेच्या द्रावणात, सैल दांड्याने, थंडाव्यात हळुवार घोटले तर तो प्रथिन बनवत राही, मात्र एटीपी हा पेशीचा ऊर्जावाहक रेणू सतत तयार होत राहील अशी सोय द्यावी लागे. या प्रयोगांत फसण्याच्या जागा बऱ्याच होत्या. रसात जिवाणू वाढले तर तेच लेबल खाऊन मोठे आकडे देत. अमिनो आम्ल प्रथिनाला नुसते चिकटले तरी मोजणी वाढे. म्हणून नमुना ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लात साकळवायचा, मग तेच आम्ल घालून 90 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचा, धुवायचा आणि मगच मोजायचा, असा शिरस्ता पडला.

तापवण्याची पायरी का लागते याचे उत्तर त्याच प्रयोगशाळेत मिळाले. झॅमेक्निक रसात आरएनए बनतो का हे पाहत होते आणि तुलनेसाठी एका नळीत लेबल लावलेले ल्युसीन घातले होते. लेबल आरएनएवरच चिकटलेले निघाले. महलॉन होगलंड यांनी त्याचा पाठपुरावा केला. 1958 पर्यंत चित्र स्पष्ट झाले: एटीपी खर्चून अमिनो आम्ल आधी सक्रिय होते, मग एका लहान, विरघळणाऱ्या आरएनएच्या टोकाला जोडले जाते आणि तिथून प्रथिनात जाते. क्रिक यांचा दुभाष्या हाच, आजचा वाहक आरएनए. थंड आम्लात हा अमिनो आम्ल चढलेला आरएनएही साकळतो आणि प्रथिनाचा आव आणतो. तापवले की तो बंध तुटतो आणि खरे प्रथिन तेवढे उरते.

त्याच सुमारास ई. कोलाय जिवाणूतले रायबोसोम नीट वेगळे करता येऊ लागले. आल्फ्रेड टिसिएर आणि जेम्स वॉटसन यांनी दाखवले की द्रावणात मॅग्नेशियम 10 मिलिमोलारच्या आसपास असेल (मोलार हे द्रावणातल्या प्रमाणाचे एकक, मिलिमोलार त्याचा सहस्रांश) तर रायबोसोमचा 70एस कण अखंड राहतो आणि ते फार खाली आणले की 50एस व 30एस अशी दोन शकले होतात. मॅग्नेशियम वाढवले की ती पुन्हा जुळतात. बेरीज 80 का येत नाही, असा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास पडतो. हा आकडा सेंट्रिफ्यूजमध्ये कण खाली बसण्याच्या वेगाचा आहे, वजनाचा नाही, आणि वेग आकारावरही अवलंबून असतो. मॅग्नेशियम का लागते हेही सोपे आहे. आरएनएच्या कण्यावर प्रत्येक फॉस्फेटमागे ऋण भार असतो, आणि असे हजारो भार एका घट्ट घडीत कोंबायचे तर त्यांना शमवणारा धन भार हवा. दोन धन भारांचा छोटा मॅग्नेशियम आयन या कामाला अगदी योग्य.

या एका गोष्टीने संदेशवाहक आरएनएचा शोध जवळजवळ हुकवला होता. तोवर बहुतेकांचा समज असा की प्रत्येक जनुक आपापला रायबोसोम बनवते आणि मजकूर त्या रायबोसोमच्या आरएनएतच असतो. पॅरिसमधल्या पारडी, जेकब आणि मोनो यांच्या प्रयोगांशी हे जुळेना: जनुक पेशीत शिरल्यावर काही मिनिटांतच एन्झाइम पूर्ण वेगाने बनू लागत होते. म्हणजे मजकूर नेणारा रेणू झटपट बनणारा आणि अल्पायुषी असला पाहिजे. 1960 च्या उन्हाळ्यात ब्रेनर, फ्रान्स्वा जेकब आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेत त्याची परीक्षा घेतली. जिवाणू जड समस्थानिकांवर वाढवायचे, मग हलक्या माध्यमात आणून टी4 फाजचा, म्हणजे जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूचा, संसर्ग करायचा आणि सीझियम क्लोराइडच्या घनता-उतारात (जड आणि हलके कण वेगळे करणाऱ्या द्रावणात) पाहायचे की संसर्गानंतरचा नवा आरएनए जुन्या, जड रायबोसोमवर बसतो की नवे, हलके रायबोसोम बनतात. पण उतारात रायबोसोमच मोडून पडत. सीझियम कित्येक मोलार आणि मॅग्नेशियम त्याच्या मानाने फारच थोडे. सीझियम मॅग्नेशियमला त्याच्या जागेवरून हटवत होता. हे ब्रेनर यांच्या लक्षात आले, मॅग्नेशियम वाढवले आणि शेवटच्या प्रयत्नात निकाल आला: नवा आरएनए, जुने रायबोसोम. म्हणजे रायबोसोम हे कुठलाही मजकूर वाचणारे यंत्र आहे. हे काम मे 1961 मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच महिन्यात बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी पहिला शब्द वाचला. त्यांची तयारी आजही अभ्यासण्याजोगी आहे. जोमाने वाढणारे ई. कोलाय थंडीत ॲल्युमिनाच्या पुडीबरोबर खलायचे. डीएनए तोडणारे एन्झाइम घालायचे, म्हणजे रस पातळ होतो आणि नवे संदेश बनणे थांबते. 30,000 जी वर, म्हणजे गुरुत्वाच्या 30,000 पट बळाने, फिरवून वरचा रस घ्यायचा. मग तो काही काळ उबेला ठेवायचा, जेणेकरून पेशीचे स्वतःचे अल्पायुषी संदेश झिजून जातील. ही पायरी फार मोलाची होती. तिच्याशिवाय पार्श्वभूमीची मोजणी इतकी वर राहते की बाहेरून घातलेल्या आरएनएचा परिणाम दिसतच नाही. शेवटी एटीपी, त्याच्याच जातीचा जीटीपी, ऊर्जा पुरवणारे फॉस्फोइनॉलपायरुवेट आणि 20 अमिनो आम्ले, त्यांपैकी एकालाच लेबल.

27 मे 1961 च्या पहाटे मथाई यांनी फक्त युरॅसिलची (आरएनएतले यू हे अक्षर) साखळी घातली आणि फेनिलॲलनीनची मोजणी 100 च्या आतून 38 हजारांच्या पुढे गेली. यूयूयू म्हणजे फेनिलॲलनीन. एका वेळी तीनच अक्षरे वाचली जातात हे त्यातून सिद्ध होत नव्हते. ते वर्षअखेरीस क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी टी4 फाजमध्ये अक्षरे घालून-काढून दाखवले. एक किंवा दोन बदलांनी जनुक बिघडते, एकाच दिशेचे तीन बदल जवळजवळ आले की पुन्हा चालते.

इथे एक बाब नीट लक्षात घ्यायला हवी, कारण ती वगळली की हा प्रयोग जादूसारखा वाटतो. जिवंत जिवाणूत वाचन एयूजी या सुरुवातीच्या कोडॉनपाशी, मदतनीस प्रथिनांच्या साहाय्याने सुरू होते. नुसत्या युरॅसिलच्या साखळीत एयूजी नाहीच. मग वाचन सुरू कसे झाले? रसातले मॅग्नेशियम जिवंत पेशीतल्या मुक्त मॅग्नेशियमच्या, म्हणजे 1-2 मिलिमोलारच्या, कित्येक पट होते. इतक्या प्रमाणात रायबोसोमचे दोन भाग आरएनएवर कुठेही घट्ट बसतात आणि सुरुवातीची शिस्त मोडते. त्या मोडलेल्या शिस्तीमुळेच कृत्रिम आरएनए वाचता आला. त्याची किंमतही होती: मॅग्नेशियम वाढले की चुका वाढतात, आणि याच साखळीवर फेनिलॲलनीनबरोबर थोडे ल्युसीनही जोडले जाते.

1964 मध्ये निरेनबर्ग आणि फिलिप लेडर यांनी त्याहून सुटसुटीत युक्ती काढली. पूर्ण साखळी नको, तीन अक्षरांचा तुकडा पुरे. भरपूर मॅग्नेशियमच्या द्रावणात तो रायबोसोमवर बसतो आणि आपला जोडीदार वाहक आरएनए पकडून ठेवतो. मिश्रण नायट्रोसेल्युलोजच्या गाळणीतून गाळले की रायबोसोम अडकतात, सुटे वाहक आरएनए निघून जातात. मात्र काही तिकड्यांचे बंधन दुबळे आणि निकाल संदिग्ध राहिले. ती उणीव हरगोविंद खोराना यांच्या विस्कॉन्सिनमधल्या रसायनकामाने भरून निघाली. यूसीयूसी अशा आवर्ती साखळीतून सेरीन आणि ल्युसीन आलटून पालटून आले. तीन अक्षरांची आवृत्ती दिली की तीन वेगवेगळ्या साखळ्या मिळत, कारण वाचन कुठूनही सुरू होई. पण जीयूए या आवृत्तीतून फक्त दोनच मिळाल्या; तिसऱ्या ठिकाणाहून वाचले की यूएजी येतो आणि तो थांब्याचा संकेत आहे. 1966 पर्यंत तक्ता जवळपास पूर्ण झाला. यीस्टमधल्या ॲलनीनच्या वाहक आरएनएचा क्रम लावणारे रॉबर्ट होली, खोराना आणि निरेनबर्ग यांना 1968 चे नोबेल मिळाले.

या सगळ्यात 1962 चा एक प्रयोग मनात घर करून राहतो. सिस्टीन लावलेला वाहक आरएनए निकेलच्या उत्प्रेरकाने असा बदलला की त्यावरच सिस्टीनचे ॲलनीन झाले. रायबोसोमने सिस्टीनच्या जागी निमूटपणे ॲलनीन बसवले. रायबोसोम अमिनो आम्ल तपासत नाही, फक्त वाहक आरएनएवरची अक्षरे तपासतो. खरा अर्थ लावतात ती वाहक आरएनएवर योग्य अमिनो आम्ल चढवणारी एन्झाइमे, आणि त्यांची चूक पुढे क्वचितच दुरुस्त होते.

जिवाणूचा रायबोसोम सेकंदाला 15 ते 20 अमिनो आम्ले जोडतो. प्रत्येक जोडणीला चार उच्च-ऊर्जा फॉस्फेट बंध खर्च होतात: वाहक आरएनएवर अमिनो आम्ल चढवताना दोन, रायबोसोमवर दोन. 2000 मध्ये रायबोसोमच्या मोठ्या भागाची रचना 2.4 अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे अणूंच्या पातळीवर, दिसली, तेव्हा अमिनो आम्लांचा बंध जुळतो त्या जागी प्रथिन नव्हतेच, सगळा आरएनए होता. तो घडीत धरून ठेवणारे शंभराहून अधिक मॅग्नेशियम आयनही पुढे त्याच रचनेत मोजले गेले. या कामांसाठी 2009 चे नोबेल रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ यांना मिळाले.

पेशीमुक्त रसात प्रथिन बनवणाऱ्या आजच्या प्रयोगशाळांची अडचणही जुन्याच जातीची आहे. एटीपी आणि जीटीपी मॅग्नेशियम पकडून ठेवतात, त्यामुळे ऊर्जेची रसद वाढवली की मुक्त मॅग्नेशियम घटते. फॉस्फोइनॉलपायरुवेट खर्च होत जाईल तसा मोकळा फॉस्फेट साचतो, तोही मॅग्नेशियम बांधतो आणि तास-दोन तासांत क्रिया मंदावते. म्हणून रसाची प्रत्येक नवी खेप आली की आधी मॅग्नेशियमची पायरीपायरीने वाढणारी मालिका लावतात, बहुधा 6 ते 16 मिलिमोलारच्या दरम्यान, आणि सर्वाधिक प्रथिन देणारी नळी पाहूनच पुढचे प्रमाण ठरवतात.