तळ्याचं पाणी आणि खाडीचं पाणी

‘गोव्यात कनू (वल्ह्याची छोटी होडी) घेऊन गळ टाकायचाय, कुठे जाऊ?’ असं कुणी विचारलं की साळावलीचं धरण, मयेचं तळं, शापोरा आणि साळ नद्यांच्या खाड्या ही नावं एका दमात सांगितली जातात. कोंडलेलं पाणी आणि भरती-ओहोटीचं पाणी असं एकाच माळेत ओवलेलं पाहून वैताग येतो.

धरण-तळ्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. जलस्रोत खात्याला आधी विचारा, अभयारण्यात गळ नको, भिंत आणि सांडव्यापासून लांब राहा. साळावलीच्या गोल सांडव्याशी फोटोसाठी होडी नेणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून जाताना वाऱ्याला तोंड द्या, परतताना तो पाठीशी असू द्या.

खरी फसगत खाडीत होते. मांडवी नदीत भरती थेट आतल्या गांजे गावापर्यंत चढते. काठावर माड, पाणी संथ, त्यामुळे तळंच वाटतं. उधाणाला मुरगाव बंदरात पाणी साधारण दोन मीटर वरखाली होतं, पण ते समान वेगाने नाही. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या दोन तासांत जेमतेम पाव पाणी उतरतं, पुढच्या दोन तासांत निम्मं, म्हणजे मीटरभर. ‘अजून भरपूर पाणी आहे’ म्हणत तिसऱ्या तासात गळ टाकून बसलेला माणूस चौथ्या तासात गुडघाभर चिखलात असतो. उतरून होडी ओढायला जाऊ नका, पाय रुततो. भरतीची वाट पाहा.

म्हणून भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी निघा, पाण्याबरोबर आत जा, पाणी थबकलं की वळा आणि ओहोटीच्या पहिल्या दोन तासांत धक्क्याला लागा. भरतीचं वेळापत्रक मुरगावचं असतं. जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते. नवख्याने सप्तमी-अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे पाणी कमी वरखाली होण्याचे दिवस, निवडावा, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नको.

खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधावरची मानस, म्हणजे पाणी सोडायची दारं, दिसली की अंतर ठेवा. ओहोटीला तिच्या दारांतून पाणी जोरात बाहेर पडतं. चोणक (जिताडा) तिथे हमखास असतो हे खरं, पण तिथली मासळी बहुधा लिलावाने कुणाला तरी दिलेली असते. जाळ्याशेजारी गळ टाकलात तर शिव्या तुमच्याच वाट्याला येतील.

कनू की कयाक हा वाद फुकटचा. कनूच्या वल्ह्याला एक पातं, कयाकच्या वल्ह्याला दोन, मुख्य फरक एवढाच. कुंभारजुव्याच्या कालव्यात मात्र कशातूनही हात बाहेर लोंबवू नका, तिथे खाऱ्या पाण्यातही मगरी आहेत. आणि खाडीतून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा. तळ्यावरून आल्यावर नाही धुतलं तरी चालतं.