ट्रकवरचं नाव आणि पुढून जाणारा हमाल: ओव्हरलेचा प्रिव्ह्यू वेगळा, मास्कचा वेगळा

समजा, सावदा-रावेरकडे केळीचा ट्रक भरला जातोय आणि कॅमेरा हातात धरून शॉट घेतलाय. अहिराणी गाण्याचं नाव त्या ट्रकच्या बाजूवर पेंटरने रंगवल्यासारखं बसवायचं आहे. पुढून हमाल खांद्यावर घड घेऊन ये-जा करताहेत.

नाव ट्रकला चिकटून राहिलं पाहिजे, हा झाला ओव्हरले. हमाल नावाच्या पुढून गेला पाहिजे, म्हणजे तो जिथे आहे तेवढं नाव झाकलं गेलं पाहिजे, हा मास्क. दोन्हींना ट्रॅकिंग (हलणाऱ्या वस्तूचा फ्रेममागून फ्रेम माग काढणं) लागतं आणि दोन्हींत पडद्यावर एक रंगीत रेघ फुटेजसोबत पळताना दिसते. घोळ इथेच होतो. रेघ जागेवर दिसली की एडिटर एक्स्पोर्ट मारून मोकळा होतो, आणि मोठ्या टीव्हीवर बघताना निर्माता म्हणतो, ‘पाटी हालस ना भो!’

मोका हे ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा फरक लवकर कळतो, कारण तिथे दोन गोष्टी दोन जागी आहेत. तुम्ही काढलेला आकार ट्रॅकरला सांगतो की कुठला भाग वाचायचा. चार कोपऱ्यांचा सरफेस सांगतो की चित्र कुठे बसणार. ट्रॅकसाठीचा आकार ढोबळ चालतो, ट्रकच्या कडेच्या किंचित बाहेर गेलेला तर बराच. मास्कचा आकार मात्र हमालाच्या कडेवरच हवा. म्हणून मास्कसाठी वेगळा लेयर काढून तो ट्रॅकला जोडायचा. हमालाभोवतीही एक ढोबळ लेयर काढून तो ट्रकच्या लेयरच्या वर ठेवा, म्हणजे ट्रक ट्रॅक होताना हमालाचे पिक्सेल मोजले जात नाहीत. हे केलं नाही तर हमाल आला की नाव त्याच्यामागे ओढलं जातं.

आता ओव्हरले तपासायचा कसा? थांबलेल्या फ्रेमवर तो कळतच नाही. कुठलीही एक फ्रेम पाहिली तर नाव जागेवरच असतं. खरं गाण्याचं नाव टाकायच्या आधी सरफेसवर ग्रिड किंवा चौकटीचं चित्र टाका आणि त्याच्या रेषा ट्रकच्या पत्र्याच्या जोडांशी जुळवा. मग पूर्ण वेगाने चालवा. ग्रिड पत्र्यावरून घसरत असेल तर डोळा लगेच पकडतो, अक्षरांत तीच घसरण लपते. मोकातला स्टॅबिलाइझ चालू केला तर उलटं दिसतं: सरफेस स्थिर राहतो आणि बाकीचं जग हलतं. त्यात ट्रकची बाजू थरथरली तर ट्रॅक कच्चा आहे.

इथे रिझोल्यूशन आडवं येतं. जुन्या लॅपटॉपवर आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरचा प्रिव्ह्यू हाफवर, म्हणजे अर्ध्या रिझोल्यूशनवर, ठेवण्याची सवय असते. १९२० बाय १०८० ची फ्रेम मग ९६० बाय ५४० वर, म्हणजे एक चतुर्थांश पिक्सेलवर बनते आणि बारीक थरथर दिसेनाशी होते. उलटा फसवाही आहे. वेळरेषेवर हिरवी पट्टी (फ्रेमा बनून तयार असल्याची खूण) भरण्याआधी पाहिलं तर फ्रेमा अडखळतात आणि चांगला ट्रॅकही हलल्यासारखा वाटतो. इन्फो पॅनेलमध्ये वेग लाल दिसला तर निकाल देऊ नका, आधी पट्टी भरू द्या.

आणखी एक आपल्याकडचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात लांबच्या लेन्सने घेतलेल्या शॉटमध्ये हवाच लहरते आणि ट्रकही लहरताना दिसतो. तिथे ट्रॅक अचूक असूनही नाव वरून डकवल्यासारखं वाटतं, कारण फुटेजमधली लहर नावात नाही. दोष ट्रॅकचा नव्हे. अशा वेळी पुन्हा ट्रॅक करत बसू नका, नावालाच किंचित लहर द्या.

मास्कचं उलट आहे. तो आधी थांबवून, कड धरून पाहावा लागतो, आणि मूळ रंगात नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकतेचं काळं-पांढरं चित्र, दाखवा. न्यूक आणि फ्यूजन या अशाच कामाच्या सॉफ्टवेअरच्या व्ह्यूअरमध्ये त्यासाठी ‘ए’ दाबायचं. पांढरं ते अपारदर्शक, काळं ते पारदर्शक, करडं ते अर्धवट. हमालाच्या पोटात करडे डाग दिसले तर त्यातून नाव झिरपणार. कडेवरचं करडं मात्र हवंच: फेदर (कडेचा मऊपणा) आणि मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) तिथेच राहतात, आणि झपझप चालणाऱ्या पायांना कात्रीने कापल्यासारखी कड दिली तर ते कागदी दिसतात.

अल्फात कड स्वच्छ आहे एवढंच कळतं, ती हमालाचीच आहे का हे कळत नाही. त्यासाठी रंगीत पडदा चढवून मूळ फुटेज खाली दिसू द्यावं. न्यूकमध्ये ‘एम’ दाबलं की मॅट, म्हणजे हाच अल्फा, लाल दिसतो. केळीच्या घडांवर लाल उठून दिसतो. जिथे रंग बदलता येतो तिथे हिरवा तेवढा टाळा. मास्कची रेघही बंद करा (आफ्टर इफेक्ट्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एच), कारण जी कड तपासायची तिच्यावरच ती रेघ बसलेली असते. रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या कलर पानावर हायलाइट चालू केला की निवडलेला भाग तसाच राहतो आणि बाकीचा करडा होतो, कामापुरतं तेही पुरतं.

दुरुस्तीही वेगळी. मास्कचा ट्रॅक आकाराला सरकवतो, फिरवतो, लहान-मोठा करतो. पण गुडघा वाकला, घड या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला, हे त्याला कळत नाही. तिथे हाताने कीफ्रेम (त्या त्या फ्रेमवर ठरवून दिलेली जागा किंवा आकार) द्यावेच लागतात आणि त्यात कमीपणा नाही. ओव्हरलेला मात्र हाताने कीफ्रेम देऊन ढकलू नका. दोन कीफ्रेमच्या मध्ये नाव तरंगतं आणि थरथरीच्या जागी डुलणं येतं. घसरण दिसली तर ट्रॅकचा आकार बदलून, हमाल वगळून पुन्हा ट्रॅक करा, आणि मास्क बंद ठेवून नाव एकटंच चालवून पाहा.