मेसा (आलेखन लायब्ररी)

मेसा ही ओपनजीएल, व्हल्कन इत्यादी आलेखन-मानके प्रत्यक्षात आणणारी मुक्तस्रोत लायब्ररी असून लिनक्सवरील बहुतेक मुक्त त्रिमितीय आलेखन-ड्रायव्हर तिच्यातच समाविष्ट आहेत.

तिचा आरंभ दोन प्रकारे सांगितला जातो. ब्रायन पॉल यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये लेखन सुरू केले; मात्र ओपनजीएल हे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचे असल्याने तिची अनुमती घेऊन पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुक्तस्रोत प्रकल्प म्हणून विचार करता दुसरी तारीख अधिक ग्राह्य वाटते.

मेसाला लायब्ररी म्हणण्याची रूढी असली, तरी तिचा गाभा आज कंपायलरचा, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीचा आहे. चित्रातील आकार, रंग, प्रकाश ठरवणारे शेडर नावाचे छोटे प्रोग्राम खेळ वा चित्रप्रणाली चालू असतानाच ड्रायव्हरकडे (चिप चालवणाऱ्या प्रणालीकडे) येतात आणि तेथेच त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर होते. त्यासाठी शेडर प्रथम ‘निर’ या मध्यवर्ती रूपात आणला जातो. या रूपात प्रत्येक चलाला एकदाच मूल्य दिलेले असते, त्यामुळे निरुपयोगी गणिते ओळखणे सोपे जाते. सुधारणेचे बीजगणिती नियम पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील कोष्टकात लिहिलेले असतात. ‘अ + ०’ ऐवजी ‘अ’ ठेवावे हा नियम निरुपद्रवी दिसतो. परंतु तरंगबिंदू अंकगणितात, म्हणजे संगणकाच्या अपूर्णांकी संख्यांच्या गणितात, उणे शून्य व अधिक शून्य वेगळे असतात आणि उणे शून्यात अधिक शून्य मिळवल्यास उत्तर अधिक शून्य येते, म्हणून जेथे शेडर लिहिणाऱ्याने काटेकोरपणा मागितला आहे तेथे हा नियम लावता येत नाही.

पुढील टप्प्यात, म्हणजे रजिस्टरवाटप (चिपमधील मोजक्या साठवण-जागा मूल्यांना वाटून देणे) व यंत्रसंकेत-निर्मितीत, एएमडी कंपनीच्या चिपांसाठी दीर्घकाळ एलएलव्हीएम या कंपायलर-संचाचा आधार घेतला गेला. हा प्रकल्प इलिनॉय विद्यापीठात २००० साली क्रिस लॅटनर व मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी विक्रम अडवे यांनी सुरू केला. त्याचे नाव आद्याक्षरांवरून पडले असले, तरी आता तो संक्षेप मानला जात नाही. एलएलव्हीएमचे संकलन (यंत्रभाषेतील रूपांतर) संथ असल्याने खेळ मध्येच अडखळतो, या कारणास्तव व्हॉल्व्ह या संगणकीय खेळांच्या कंपनीच्या पुढाकाराने ‘अको’ हा स्वतंत्र कंपायलर रचला गेला व २०१९ मध्ये मेसात आला. ‘एलएलव्हीएमपाइप’ या सॉफ्टवेअर-ड्रायव्हरने मात्र एलएलव्हीएम सोडलेले नाही. आलेखन-चिप नसलेल्या सर्व्हरवर तो मुख्य प्रोसेसरकडूनच चित्र रेखाटून घेतो.