सुपरनोव्हाचा अभ्यास गॅलेक्सीपासून का सुरू होतो

नुकतीच पीएचडी झालेली किंवा चालू असलेली मुलं सांगतात ना की माझा विषय गॅलेक्सी आणि सुपरनोव्हा (म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह आणि ताऱ्यांचे प्रचंड स्फोट), तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं दोन वेगळे विषय आहेत. पण इतिहास बघितला तर हे दोन्ही प्रश्न पहिल्यापासून एकमेकांत अडकलेले आहेत आणि एक सुटल्याशिवाय दुसरा सुटलाच नाही.

सुरुवात 1885 च्या ऑगस्टपासून करायला हवी. देवयानीच्या (अँड्रोमेडाच्या) तेजोमेघात, म्हणजे आकाशातल्या एका धूसर प्रकाशाच्या ठिपक्यात, अचानक एक नवा तारा दिसला, जवळजवळ नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका तेजस्वी. हार्टविग नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने डोर्पाटहून, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूहून, तो नोंदवला. तेव्हा देवयानी ही आपल्यासारखीच स्वतंत्र गॅलेक्सी आहे हे कुणाला पक्कं माहीत नव्हतं, आणि गंमत म्हणजे हाच तारा पुढे त्या कल्पनेच्या आड आला. 1920 मध्ये वॉशिंग्टनला शॅपली आणि कर्टिस या खगोलशास्त्रज्ञांचा प्रसिद्ध वाद झाला, असे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतलेच की बाहेरच्या स्वतंत्र गॅलेक्सी यावर, त्यात शॅपलींचा एक मुद्दा असा की देवयानी जर खरंच लाखो प्रकाशवर्षं लांब असेल तर 1885 चा तारा अशक्य वाटावा इतका प्रखर असला पाहिजे, एकटा तारा एवढा उजेड कसा देईल? मुद्दा चुकीचा नव्हता हो, त्या काळच्या माहितीत तो बरोबरच होता. कर्टिस म्हणाले की नोव्हा, म्हणजे अचानक उजळणारे तारे, कदाचित दोन प्रकारचे असतील, काही साधे आणि काही फारच प्रखर. मला हे वाक्य फार मोठं वाटतं, कारण पुरावा तुटपुंजा असताना त्यांनी नेमकी दिशा पकडली.

मग 1923 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलना देवयानीत सेफिड तारा (ज्याच्या उजेडाच्या चढउतारावरून अंतर काढता येतं असा) सापडला, अंतर मोजता आलं आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे ठरलं. (आज आपण ते अंतर साधारण 25 लाख प्रकाशवर्षं धरतो.) म्हणजे 1885 चा तारा खरोखरच तेवढा प्रखर होता! 1934 मध्ये बाडे आणि झ्विकी यांनी अशा स्फोटांना सुपरनोव्हा म्हटलं, वर असंही सुचवलं की साधा तारा कोसळून न्यूट्रॉन तारा (मुख्यतः न्यूट्रॉन कणांचा अतिशय घट्ट गोळा) होतो तेव्हा हे घडत असावं, आणि न्यूट्रॉन सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. झ्विकींनी 1936 पासून कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या 18 इंची दुर्बिणीने एकेका गॅलेक्सीचे परत परत फोटो काढून सुपरनोव्हा शोधायला सुरुवात केली.

1941 मध्ये मिंकोव्स्की यांनी 14 सुपरनोव्हांचे स्पेक्ट्रम (प्रकाश रंगांत फोडून मिळणारा पट्टा, ज्यात मूलद्रव्यांच्या खुणा दिसतात) बघून दोन टाइप केले, हायड्रोजन नसलेला तो टाइप एक आणि असलेला तो टाइप दोन. पुढे लक्षात आलं की टाइप दोन हे बहुतेक सर्पिल गॅलेक्सींच्या भुजांमध्ये, जिथे नवे तारे जन्मतात तिथे होतात, पण टाइप एकमधले आज ज्यांना एक-ए म्हणतो ते म्हाताऱ्या लंबगोल गॅलेक्सींमध्येही सापडतात. कारण सरळ आहे, सूर्याच्या आठपटीहून जड तारा तीसेक लाख ते चारेक कोटी वर्षांतच संपतो, त्यामुळे तो जन्मला तिथून फार लांब जात नाही, उलट एक-ए हा श्वेतबटूचा (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याचा) स्फोट, त्याला अब्जावधी वर्षंही लागू शकतात. स्फोट कुठे झाला यावरून फुटलेल्या ताऱ्याच्या वयाचा अंदाज येतो, हाच या सगळ्या संशोधनाचा पाया.

आणि कधी कधी हा पत्ताच कोड्यात टाकतो. मूळचे कुरुंदवाडचे खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात आहेत, त्यांच्या नेतृत्वाखाली 2009 मध्ये पालोमारला रात्री आकाश धुंडाळणारा एक सर्व्हे सुरू झाला. त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या मानसी कासलीवाल यांनी त्यात नोव्हापेक्षा प्रखर पण सुपरनोव्हापेक्षा मंद असे स्फोट शोधले. त्यातले कॅल्शियमच्या ठळक खुणा असलेले काही तर गॅलेक्सीच्या पार बाहेर, जिथे तारेच जवळजवळ नाहीत तिथे झाले होते! ते तिथे कसे पोचले यावर अजून वाद चालू आहे.

आता लडाखमधल्या हानलेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची 0.7 मीटरची रोबोटिक दुर्बीण आहे, कॅलिफोर्नियात सकाळ झाली की आपल्याकडे रात्र, त्यामुळे तिकडे सापडलेल्या स्फोटाचा माग इथून पुढे ठेवता येतो. आणि चिलीतली रुबिन वेधशाळा दक्षिणेचं आकाश दहा वर्षं पुन्हा पुन्हा टिपणार आहे, इतके सुपरनोव्हा सापडतील की प्रत्येकाचा स्पेक्ट्रम घेणं शक्यच नाही, मग कोणावर मोठ्या दुर्बिणीचा वेळ खर्च करायचा हे ठरवताना आधी त्याची गॅलेक्सीच बघावी लागणार.