फॅक्टर ८ कमी आला, म्हणजे हिमोफिलियाच का?

फॅक्टर ८ म्हणजे रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन. रिपोर्टवर ‘फॅक्टर ८ : १८ टक्के’ असं दिसलं की घरात एकच शब्द घुमू लागतो: हिमोफिलिया. जरा थांबा. फॉन विलेब्रँड या दुसऱ्या आनुवंशिक विकारातही हाच आकडा खाली येतो, आणि एकाच्या औषधाची बाटली दुसऱ्याला पुरतेच असं नाही.

फॅक्टर ८ रक्तात एकटा फिरत नाही. फॉन विलेब्रँड नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं, म्हणून तो दर १२ तासांच्या आसपास निम्मा होतो. ते प्रथिन नसेल तर दोन-तीन तासांतच निम्मा. हिमोफिलिया ‘ए’मध्ये फॅक्टर ८ मुळातच कमी बनतो. फॉन विलेब्रँडमध्ये तो बनतो, पण सांभाळणारा कमी किंवा सदोष असतो. याच प्रथिनाचं आणखी एक काम म्हणजे जखमेवर प्लेटलेट चिकटवणं. हे काम हिमोफिलियात शाबूत असतं, म्हणून त्यात गुडघा, घोटा, कोपर सुजतो, स्नायूंत रक्त साचतं. फॉन विलेब्रँडमध्ये घोळणा फुटतो, हिरड्यांतून रक्त येतं, पाळी आठ-दहा दिवस चालते. (टाइप ३, म्हणजे हे प्रथिन जवळजवळ नसलेला प्रकार, अपवाद; त्यात सांधेही सुजतात.) ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं होतं’ म्हणून मुलींची ही तक्रार बाजूला पडते. सगळ्यांनाच होत असेल तर उलट तपासायला हवं!

हिमोफिलिया बहुधा आईकडून मुलाला येतो; फॉन विलेब्रँड मुलगा-मुलगी दोघांना, आई किंवा वडील कोणाकडूनही. १९२६ साली डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांनी फिनलंडच्या ओलांड बेटांवरच्या ज्या कुटुंबाबद्दल लिहिलं, त्यात मुलींनाही रक्तस्राव होत होता.

फॉन विलेब्रँडचा सगळ्यात फसवा प्रकार टाइप २एन. यात फॉन विलेब्रँडचं प्रमाण ठीक येतं, फक्त फॅक्टर ८ ला धरायची त्याची जागा बिघडलेली असते. रिपोर्ट हुबेहूब सौम्य हिमोफिलियासारखा. मुलीचा फॅक्टर ८ कमी असेल, किंवा आजार वडिलांच्या बाजूने आलेला दिसत असेल, तर फॉन विलेब्रँड फॅक्टर ८ ला नीट धरतो का ते पाहणारी (बाइंडिंग) चाचणी किंवा जनुक तपासणी मागा.

एरवी फॅक्टर ८ सोबत फॉन विलेब्रँड अँटिजेन (म्हणजे त्याचं प्रमाण) आणि त्याच्या कामाची (रिस्टोसेटिन कोफॅक्टर) चाचणी करावी. नुसता एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी साधी चाचणी) नॉर्मल आला म्हणून फॉन विलेब्रँड नाही असं ठरत नाही. ताप, ताण, गरोदरपण, रडून आकांत केलेलं मूल, या सगळ्यांत फॉन विलेब्रँडची पातळी वर चढते. ओ रक्तगटात ती मुळातच खाली असते. म्हणून एका चाचणीवर शिक्का मारू नये. या चाचण्यांची निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. आणि पुण्यात हडपसरला घेतलेला नमुना कोथरूडच्या लॅबला जाणार असेल तर तो बर्फात नको: अख्खं रक्त थंड झालं की फॉन विलेब्रँड खोटा कमी दिसतो. ट्रॅफिकचा हिशोब धरून, साध्या तापमानाला, चार तासांच्या आत तो लॅबमध्ये पोचावा. शक्य तर लॅबमध्येच जाऊन रक्त द्या.

आता औषध. हिमोफिलिया ‘ए’मध्ये किलोमागे १ युनिटने फॅक्टर ८ सुमारे २ टक्के वाढतो. २० किलोच्या मुलाला पातळी ४० टक्क्यांनी वाढवायची तर ४०० युनिट. ५०० ची बाटली फोडली तर उरलेलं फेकू नये, पूर्ण द्यावी. बाटली हलकेच फिरवून विरघळवा, खळखळवू नका. फॉन विलेब्रँडला मात्र रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेला) फॅक्टर ८ एकटा कामाचा नाही, त्यात फॉन विलेब्रँड नसतोच. प्लाझ्मापासून बनवलेली, आणि फॉन विलेब्रँडचे युनिट वेगळे छापलेली बाटली लागते. एमिसिझुमॅब हे फॅक्टर ८ चं काम करणारं इंजेक्शनही हिमोफिलिया ‘ए’साठीच, ते चालू असताना एपीटीटी नॉर्मल दिसतो, त्यावर विसंबू नका.

सौम्य हिमोफिलिया ‘ए’ आणि फॉन विलेब्रँड टाइप १ (प्रथिन थोडं कमी) यांत डेस्मोप्रेसिन, म्हणजे शरीरात साठलेला फॅक्टर ८ आणि फॉन विलेब्रँड रक्तात सोडणारं औषध, चालतं: किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम, सलाईनमधून अर्ध्या तासात. आधी एकदा चाचणी-डोस देऊन पातळी किती चढते ते मोजतात. प्रत्येक डोसनंतर २४ तास पाणी बेतानेच, नाहीतर सोडियम घसरून झटके येऊ शकतात. टाइप २बी (प्रथिन प्लेटलेटला जास्तच चिकटतं) मध्ये डेस्मोप्रेसिन सहसा टाळतात, कारण प्लेटलेट घटतात.

दोन्हींत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वर्ज्य, तापाला पॅरासिटामॉल. सुजलेल्या गुडघ्याला बाम चोळून मालिश करू नका. दाढ काढताना ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (झालेली गुठळी टिकवणारं औषध) उपयोगी, पण लघवीतून रक्त जात असताना नको, गुठळी अडकते.

अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्याच्या यादीत हिमोफिलियाचं नाव आहे, फॉन विलेब्रँडचं नाही. तेव्हा प्रमाणपत्रासाठी निदान अचूक हवं. पाकिटातल्या कार्डावरही नुसतं ‘रक्ताचा आजार’ लिहू नका. ‘फॉन विलेब्रँड टाइप २बी, डेस्मोप्रेसिन नको, रक्तगट ओ’ असं लिहा. रात्री दोनला कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या हातात तेवढंच असतं.