रोजच्या कामाचा छोटा कॉम्प्युटर आणि खुडबुडीचा छोटा कॉम्प्युटर

तळहातावर मावणारा, कमी खर्चातला कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी प्रोसेसरचा वेग बघतात. माझ्या मते वेगाचा क्रमांक तिसरा किंवा चौथा लागतो. त्याआधी ठरवायला हवं की यंत्राकडून नेमकं काय करून घ्यायचंय. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडून लिहीत बसणं आणि सेन्सरची तार जोडून मोटर फिरवणं या दोन कामांना लागणारी यंत्रं मुळातच वेगळी असतात.

फेब्रुवारी 2012 मध्ये रास्पबेरी पाय हा एकाच सर्किट बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर आला तो शिकण्यासाठी. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राकडे वळणारी मुलं कमी होत चाललीत, आणि जी येतात त्यांनी लहानपणी यंत्राशी झटापट केलेली नसते, हे तो घडवणारे एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवलं होतं. पहिल्या बोर्डवर 700 मेगाहर्ट्‌झचा एकच कोअर आणि 256 एमबी रॅम होती. 2023 मध्ये आलेल्या पाय 5 मध्ये 2.4 गिगाहर्ट्‌झचे चार कोअर आहेत, त्यामुळे तो डेस्कटॉप म्हणूनही सहज वापरता येतो. अडतं ते भलत्याच दोन ठिकाणी.

एक म्हणजे मेमरी कार्ड, कारण पायची ऑपरेटिंग सिस्टीम सहसा त्यावरच असते. कार्डातल्या फ्लॅश मेमरीत आधी लिहिलेल्यावर थेट नवं लिहिता येत नाही. एक अक्षर बदलायला सगळी पाटी पुसावी लागावी, तसा त्यातला मोठा ब्लॉक आधी पुसावा लागतो. ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टीम तर सतत काहीतरी चिमूटभर लिहीतच असतात. मायक्रोएसडी कार्ड प्रामुख्यानं कॅमेऱ्यातल्या सलग मोठ्या फाइलींसाठी घडवलेलं, त्यामुळे या बारीकसारीक लिखाणात ते अडखळतं. शिवाय मेमरीतली प्रत्येक पेशी, म्हणजे माहिती साठवणारा सूक्ष्म कप्पा, ठरावीक वेळाच पुसता येते. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी फ्लॅश डिस्क, तिच्यातला कंट्रोलर हा भार सगळ्या पेशींवर वाटून देतो. म्हणून मोठ्या प्रोसेसरवर पैसे घालण्याआधी एसएसडी घ्यावी, असं मी आग्रहानं सांगतो. फरक पहिल्याच दिवशी कळतो.

दुसरी अडचण विजेची, आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. समजा बोर्ड 5 व्होल्टवर 3 अँपिअर ओढतोय आणि केबलच्या दोन्ही तारांचा मिळून रोध 0.2 ओहम आहे. ओहमच्या नियमानं 0.6 व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडतात आणि बोर्डला मिळतात 4.4. रास्पबेरी पाय साधारण 4.63 व्होल्टखाली कमी दाबाचा इशारा देतो. तेवढीच 15 वॅट शक्ती 20 व्होल्टवर पाठवली तर प्रवाह पाऊण अँपिअर होतो आणि त्याच केबलमध्ये जेमतेम 0.15 व्होल्ट जातात, पण पायला 5 व्होल्टच लागतात. यूएसबी डिस्क मधेच गायब होणं, बोर्ड आपोआप रिस्टार्ट होणं, या तक्रारींचं खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. पुष्कळदा दोषी असते ती लांब, बारीक तारेची केबल. पाय 5 साठी 5 व्होल्टला 5 अँपिअरचा चार्जर सुचवलेला आहे. फोनचे दणकट चार्जर जास्त शक्ती देतात ती बहुधा व्होल्टेज वाढवून, 5 व्होल्टवर ते सहसा 3 अँपिअरपर्यंतच थांबतात. तेव्हा वॅटचा आकडा पाहून चार्जर घेऊ नका.

चार्जर, एसएसडी, ती जोडायचा अडॅप्टर, केस, पंखा असं सगळं धरलं की स्वस्त बोर्ड तितकासा स्वस्त राहत नाही. निव्वळ रोजच्या वापरासाठी मग मिनी पीसी बघावा. इंटेलच्या एन100 सारखी चार कोअरची, 6 वॅट गटातली चिप या कामाला पुरते. ऑफिसांतून निघालेले वापरलेले छोटे डेस्कटॉप तर मला आणखी आवडतात. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय व त्यामानानं नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट यंत्रं केवळ अटीत बसत नाहीत म्हणून बाजूला पडतात. 8 जीबी रॅम, एसएसडी आणि लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम यांवर ती पुढची कित्येक वर्षं काम देतील. घेताना एवढं बघा, की नुसतं चालू असताना यंत्र किती वीज खातं. अहोरात्र 10 वॅट म्हणजे वर्षाला जवळपास 88 युनिट.

खुडबुडीसाठी याच कॉम्प्युटरला यूएसबीनं एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप असलेला बोर्ड, जोडायचा: आर्डुइनो, ईएसपी32 किंवा 2021 मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको. पिकोत रॅम फक्त 264 केबी, ऑपरेटिंग सिस्टीम नाही, आणि हेच त्याचं बळ. साध्या सर्व्हो मोटरला, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या मोटरला, दर 20 मिलिसेकंदांनी 1 ते 2 मिलिसेकंद लांबीचा पल्स (विजेचा ठोका) लागतो. एका मिलिसेकंदाच्या त्या फरकात ती साधारण 90 अंश फिरते, म्हणजे पल्स दशांश मिलिसेकंदानं लांबला तरी 9 अंशांचा झटका. लिनक्स अनेक प्रोग्रॅमना आळीपाळीनं वेळ वाटून देतं, त्यामुळे पल्स निव्वळ प्रोग्रॅममधून काढला तर असा उशीर होऊ शकतो. मायक्रोकंट्रोलर त्या वेळी दुसरं काहीच करत नसतो. पिकोला सेन्सरचं कमी-जास्त होणारं व्होल्टेजही थेट मोजता येतं, जे रास्पबेरी पायच्या पिनांना (तारा जोडायच्या टोकांना) जमत नाही. तार चुकली तर बहुधा तो छोटा बोर्ड जळतो, रोजचं काम असलेला कॉम्प्युटर सहसा वाचतो.

कॅमेऱ्याचं चित्र ओळखून लगेच मोटर हलवायची असेल, आणि सगळं एका लहान डब्यात बसवायचं असेल, तिथे मात्र रास्पबेरी पायच घ्यावा.

पाय आणि पिको, दोन्हींच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत. 5 व्होल्ट बाहेर टाकणाऱ्या सेन्सरची तार सरळ जोडू नका. सेन्सरकडून 1 किलोओहम आणि ग्राउंडकडे 2 किलोओहम असे दोन रोधक लावून त्यांच्या मधल्या जोडावरून तार पिनेला न्या, तिथे 3.3 व्होल्टच पोचतात.